श्रद्धा वैद्यावर, भिस्त नोंदवहीवर

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील ब्रिस्टल हे शहर भारतीय वाचकास अगदीच अपरिचित नाही. राजा राममोहन राय यांनी १८३३ मध्ये याच शहरी देह ठेवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हे शहर एका वेगळ्या आणि अत्यंत क्लेशदायक कारणाने चर्चेत आले. तेथील रॉयल इन्फर्मरी या नामांकित रुग्णालयात जन्मतः हृदयदोष असलेल्या तान्ह्या बालकांवर शस्त्रक्रिया होत असत. शल्यविशारद अनुभवी होते, रुग्णालय जुने होते, पालकांचा पूर्ण विश्वास होता. आणि तरीही त्या शस्त्रक्रियागृहातून जिवंत परत न येणाऱ्या बालकांचे प्रमाण देशातील इतर केंद्रांपेक्षा सातत्याने अधिक होते. पुढे झालेल्या चौकशीचा निष्कर्ष असा की, १९९१ ते १९९५ या अवधीत एक वर्षाखालील बालकांमध्ये सर्वसाधारण केंद्राच्या तुलनेत ३० ते ३५ मृत्यू जास्तीचे झाले. ही संख्या कागदावर लहान दिसते. परंतु तिच्यातील प्रत्येक आकडा म्हणजे एक रिकामा झालेला पाळणा होता.

या प्रकरणाचा विचार आज भारतात करावयाचा, तो परकीयांची उणीदुणी काढण्यासाठी नव्हे. उपचार सुरक्षित कशामुळे होतो, या प्रश्नाचे उत्तर ब्रिस्टलने फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. ते उत्तर हृदयाच्या शस्त्रक्रियेला जितके लागू आहे, तितकेच ते गावातील औषधांच्या दुकानातून विकत घेतलेल्या खाजेच्या मलमालाही लागू आहे.

एका भूलतज्ज्ञाची वही

स्टीफन बोल्सिन नावाचे एक भूलतज्ज्ञ १९८८ मध्ये या रुग्णालयात रुजू झाले. बालकांवरील शस्त्रक्रिया येथे अन्य ठिकाणच्या मानाने फार वेळ चालतात, हे त्यांच्या ध्यानी आले. जितका काळ बालक यंत्रावर, तितका धोका अधिक, हे भूलतज्ज्ञास कोणी सांगावयास नको. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणत्या प्रकारच्या झाल्या, किती बालके वाचली. १९९० पासून त्यांनी वरिष्ठांच्या कानी ही गोष्ट घातली. त्याचे पारितोषिक म्हणून त्यांना मिळाली ती नाराजी आणि एकटेपणा. जानेवारी १९९५ मध्ये अशाच एका शस्त्रक्रियेबाबत आत-बाहेरून सावधगिरीचे इशारे मिळूनही ती पार पाडण्यात आली आणि ते मूल दगावले. त्यानंतर मात्र हा विषय दडपून ठेवणे कोणासच शक्य राहिले नाही. बोल्सिन यांनी १९९६ मध्ये इंग्लंड सोडले आणि ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले.

ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने १९९८ मध्ये तिघा डॉक्टरांना दोषी ठरविले. त्यांत दोन शल्यविशारद होते आणि तिसरे गृहस्थ रुग्णालयाचे प्रमुख होते. रुग्णालयाचे प्रमुख आणि एक शल्यविशारद यांची नावे वैद्यक नोंदणीतून काढून टाकण्यात आली. दुसऱ्या शल्यविशारदास तीन वर्षे बालकांवर शस्त्रक्रिया करण्यास मनाई झाली. एवढ्यावरच प्रकरण थांबले असते, तर ते एका शिक्षेची बातमी बनून विस्मरणात गेले असते. परंतु शासनाने प्राध्यापक इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी नेमली आणि जुलै २००१ मध्ये तिचा अहवाल आला. त्या अहवालात सुमारे दोनशे शिफारशी होत्या. मात्र शिफारशींहून महत्त्वाचे होते ते त्याचे निदान.

ही दुष्ट माणसांची कहाणी नाही, असे त्या अहवालाने बजावले. ज्यांना रुग्णांविषयी आस्था नव्हती, अशांचीही ही कहाणी नव्हती. हृदयरोगतज्ज्ञ एका इमारतीत आणि शस्त्रक्रियागृह दुसऱ्या इमारतीत, अशी विभागणी होती. बालकांसाठी वेगळा हृदयशल्यविशारद नव्हता; प्रौढांवर शस्त्रक्रिया करणारेच हात बालकांवरही चालत. सर्व सत्ता काही मोजक्या मंडळींच्या कोंडाळ्यात एकवटली होती आणि त्या कोंडाळ्याबाहेरचा आवाज आत पोहोचत नव्हता. आकडे उपलब्ध होते. परंतु ते पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. चांगली माणसे वाईट व्यवस्थेत काम करू लागली की काय घडते, याचा तो पंचनामा होता.

आता या कहाणीची दुसरी बाजू पाहावी. बालकांसाठी नवा शल्यविशारद आला, विभाग एकत्र आणला गेला, निकाल मोजले जाऊ लागले. ब्रिस्टलमध्ये एक वर्षाखालील बालकांच्या खुल्या हृदयशस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण १९९१ ते १९९५ या काळात २९ टक्के होते; १९९९ ते २००२ या काळात ते ३ टक्क्यांवर आले. संपूर्ण इंग्लंडचे प्रमाणही याच सुमारास १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांपर्यंत उतरले. दहा वर्षांच्या आत हे घडले. बालकांची हृदये तीच होती, दोषही तेच होते. बदलली ती व्यवस्था.

यादीचे सामर्थ्य आणि यादीची मर्यादा

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातील मार्टिन इलियट आणि अॅलन गोल्डमन या डॉक्टरांनी याच दिशेने एक आगळा प्रयोग केला. शस्त्रक्रियेइतकाच धोका त्यानंतरच्या काही मिनिटांत असतो, हा त्यांचा अनुभव होता. बालकास शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात हलविताना नळ्या, तारा, यंत्रे आणि माहिती असे सारेच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. या धांदलीत एखादी नळी निसटते, एखादी सूचना सांगावयाची राहून जाते. मोटारींच्या शर्यतीत मात्र काही सेकंदांत गाडीची चाके बदलणारा संघ असा गोंधळ करीत नाही, हे या डॉक्टरांच्या लक्षात आले. ते फेरारी संघाकडे शिकण्यास गेले. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाची जागा ठरलेली, नेतृत्व एकाचे आणि कामाच्या वेळी अनावश्यक बोलणे नाही, ही शिस्त त्यांनी रुग्णालयात आणली. आधी यंत्रे जोडावयाची, मग माहिती सांगावयाची आणि त्यानंतर चर्चा, असा क्रम ठरविला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हस्तांतरणाच्या वेळी होणाऱ्या चुका लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले. जगातील श्रेष्ठ बालशल्यविशारद मोटारीची चाके बदलणाऱ्यांकडे विद्यार्थी म्हणून गेले, यात त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही. ज्ञान कोठूनही घ्यावे, ही शिकवण भारतीयांना नवी नाही.

या विचाराला जागतिक रूप देणाऱ्या व्यक्तीचे मूळ महाराष्ट्रात आहे, ही आपल्यासाठी विशेष आनंदाची बाब होय. डॉ. अतुल गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातील शेतकरी कुटुंबातून अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी शल्यविशारद म्हणून नाव मिळविले. पण गावास विसरले नाहीत. आपल्या आईच्या नावाने उमरखेडमध्ये महाविद्यालय उभे राहावे, यासाठी त्यांनी साहाय्य केले. त्यांचे पुत्र अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांवर थांबून काही साध्या गोष्टी मोठ्याने विचारावयाच्या. रुग्ण तोच आहे ना? शरीराचा भाग तोच आहे ना? कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का? सुया व कापसाचे बोळे मोजले का? दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

या यादीतील सर्वांत मार्मिक कलम औषधांविषयी नाही, यंत्रांविषयीही नाही. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावयाचे, एवढेच ते कलम आहे. जिने एकदा सर्वांसमोर स्वतःचे नाव उच्चारले, ती कनिष्ठ परिचारिका पुढे काही चुकताना दिसल्यास पुन्हा तोंड उघडते, हा त्यामागील विचार. बोल्सिन यांचा आवाज ज्या भिंतीवर आदळून परत आला, त्या भिंतीला पाडलेले हे दार आहे.

मात्र येथेही भाबडेपणा उपयोगाचा नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ही यादी शंभराहून अधिक रुग्णालयांत सक्तीची करण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथे मृत्यू वा गुंतागुंत यांत ठळक घट आढळली नाही. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद असतील. परंतु एक बोध स्पष्ट आहे. वरून आलेल्या आदेशाने कागदावर खुणा होतात. मने बदलण्यासाठी कार्यसंस्कृती बदलावी लागते. आपल्या शासकीय कचेऱ्यांचा अनुभव ज्याला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

जेथे परिचारिका नसते

शस्त्रक्रियागृहात निदान दहा डोळे रुग्णावर असतात. जुनाट त्वचारोग्याचे तसे नसते. सोरायसिस, इसब, नायटा किंवा कुष्ठरोग यांचा उपचार महिनोन् महिने, प्रसंगी आयुष्यभर चालतो आणि तो घरात चालतो. औषध देणारा, घेणारा आणि चुकणारा एकच असतो. म्हणूनच सुरक्षिततेची खरी कसोटी येथे लागते.

सोरायसिसवरील मेथोट्रेक्सेटचे उदाहरण घ्यावे. या औषधाशी एका थोर भारतीयाचे नाव जोडलेले आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत जे संशोधन झाले, त्यातून हा औषधसमूह पुढे आला. रक्ताच्या कर्करोगाने मृत्युशय्येवर असलेल्या बालकांना त्याने प्रथमच आशा दाखविली. तेच औषध अल्प मात्रेत सोरायसिसला आवरते. पण त्याची एक अट आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. आपल्याकडे गोळी म्हणजे रोजची गोळी, हा घराघरातील समज. चिठ्ठीवरील अक्षर दुर्बोध, दुकानदार घाईत, रुग्ण वृद्ध. अशा वेळी आठवड्याची मात्रा रोज घेतली जाते. तोंडात फोड येतात, अंगावरचे चट्टे सोलवटून निघतात. रोगच बळावला असे समजून रुग्ण आणखी नेमाने गोळ्या घेतो. दरम्यान अस्थिमज्जा नवे रक्त तयार करणे थांबवीत असते. अशा प्रकरणांच्या नोंदी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत वारंवार आल्या आहेत. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने याविषयी २००६ मध्ये देशव्यापी इशारा दिला, तर युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये वेष्टनावरच ठळक सूचना छापण्याचे निर्देश दिले. दोष येथे औषधाचा नाही. डॉक्टरांच्या ज्ञानाचाही बहुधा नसतो. चिठ्ठीवर “दर रविवारी एकदा, इतर दिवशी मुळीच नाही” एवढी एक ओळ मराठीत लिहिली गेली नाही, एवढाच तो दोष असतो. आणि तेवढ्याने जीव जातो.

नव्या आणि महागड्या औषधांबाबत वेगळा धोका असतो. इफालिझुमॅब नावाचे इंजेक्शन अमेरिकेत २००३ मध्ये सोरायसिससाठी संमत झाले. चाचण्यांत ते सुरक्षित ठरले होते. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ सलग ते घेणाऱ्या मोजक्या रुग्णांत मेंदूचा एक दुर्मीळ व प्राणघातक संसर्ग आढळला आणि २००९ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. काही महिन्यांच्या चाचणीत जो धोका दिसणे शक्यच नव्हते, तो औषध बाजारात आल्यानंतर ठेवलेल्या नोंदींतून दिसला. नोंदी नसत्या, तर तो संसर्ग दैवाच्या माथी मारला गेला असता.

आपल्या देशातील सर्वांत मोठी हानी मात्र महागड्या इंजेक्शनांनी नव्हे, स्वस्त मलमांनी केली आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांची खिचडी असलेली मलमे वर्षानुवर्षे दुकानांतून चिठ्ठीविना विकली गेली. नायट्यावर ते मलम लावले की दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड शरीराची प्रतिक्रिया दाबून टाकते. बुरशी मात्र त्या आडोशाला बसून पसरत राहते. याच मलमांचा वापर गोरे दिसण्यासाठी तरुण मुलींनी केला आणि पातळ झालेली, लाल पडलेली, उन्हात जाळणारी कातडी घेऊन त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे आल्या. गोऱ्या कातडीच्या या हव्यासात परकीय राजवटीने रुजविलेल्या न्यूनगंडाचा वाटा किती, हा स्वतंत्र विषय आहे; परंतु त्या न्यूनगंडाची किंमत आजही आपल्या लेकी मोजत आहेत, हे नाकारता येणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध दीर्घकाळ प्रयत्न केले. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीविना विक्रीची जी पळवाट होती, ती बंद केली. कायद्यातील पळवाट बंद झाली. दुकानातील सवय मात्र कायम आहे.

याचा परिणाम व्यक्तीपुरता राहत नाही. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा एक नायटा गेल्या दशकभरात भारतभर पसरला आणि पुढे इतर देशांतही पोहोचला. स्टेरॉइड मलमांचा अनिर्बंध वापर हे त्याच्या फैलावामागील एक प्रमुख कारण मानले जाते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्या बुरशीला स्वतंत्र नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमधील एका घटकाला दिलेल्या नवी दिल्लीच्या नावावरून २०१० मध्ये देशात संतापाची लाट उसळली होती आणि तो संताप अनाठायी नव्हता. परंतु केवळ निषेधाने देशाचे नाव अशा ठिकाणांहून पुसले जात नाही. ते पुसावयाचे तर प्रथम दुकानातील ती ट्यूब चिठ्ठीविना देण्याचे थांबले पाहिजे.

चांपा येथील धडा

हेच काम योग्य रीतीने कसे होते, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. छत्तीसगडमधील चांपा येथे सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. स्वतः कुष्ठरोगाचे भोग भोगलेल्या या मराठी माणसाने समाजाने झिडकारलेल्यांसाठी आपले उर्वरित आयुष्य वेचले. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी ते कार्य पुढे अनेक दशके चालविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. अशा सेवाव्रतींच्या तपश्चर्येला विज्ञानाची जोड मिळाली, तेव्हाच कुष्ठरोगाला मागे रेटता आले.

कुष्ठरोगावर एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचविली. त्या औषधांची पाकिटे कशी बनविली गेली, हे पाहण्यासारखे आहे. एका पाकिटात अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या, दिवसाच्या क्रमाने लावलेल्या. प्रौढांचे पाकीट वेगळ्या रंगाचे, मुलांचे वेगळ्या रंगाचे. महिन्याची मोठी मात्रा आरोग्यसेवकाच्या समक्ष घ्यावयाची आणि त्याच वेळी त्याने रुग्णाची त्वचा, डोळे व हातपाय पाहावयाचे. अक्षरओळख नसलेल्या वृद्धालाही चुकता येऊ नये, अशी ही रचना होती. डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे देशाच्या पातळीवर जाहीर झाले. रोग पूर्णतः संपलेला नाही आणि सावधगिरी सोडून चालणार नाही. तथापि जे साधले, त्यात या साध्या पाकिटाचा वाटा मोठा आहे. कुष्ठरोगाची गोळी जर अशा रीतीने देता येते, तर सोरायसिसची साप्ताहिक गोळी चार गोळ्यांच्या, महिन्याच्या पाकिटात का देता येऊ नये?

विस्मरणाचा रोग

अहवाल केवळ ब्रिस्टलचाच आला असे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंत आणि अधिकाऱ्यांपासून राजकारण्यांपर्यंत कोणाचीही भीड न ठेवता कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. तो अहवाल १९८८ मध्ये जनतेसमोर आला. त्यास चार दशके होत आली आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलविण्यात आले होते. तपासणीत त्या औषधात तेच विष ४८.६ टक्के इतक्या भयावह प्रमाणात आढळले. विष तेच, मूत्रपिंडे तशीच निकामी झालेली, आणि प्रश्नही तोच की ही बाटली बाजारात येण्यापूर्वी तपासली कोणी?

अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषाने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांनी पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा केला. जगाचे औषधालय म्हणून भारताची जी ख्याती आहे, ती शास्त्रज्ञांच्या व प्रामाणिक उद्योजकांच्या कष्टांवर उभी आहे. निष्काळजी कारखानदार आणि झोपी गेलेला निरीक्षक हे त्या ख्यातीचे शत्रू होत. त्यांना पाठीशी घालणे यात कसली देशभक्ती?

परंपरेचा खरा अर्थ

पाश्चात्त्य उदाहरणे ऐकली की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो, हे सारे तिकडेच शक्य. दुसरा म्हणतो, आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, शिकण्याचे कारण नाही. दोन्ही प्रतिक्रिया आळसातून जन्मतात. सुश्रुताने शिष्याला रुग्णाच्या शरीरास हात लावण्यापूर्वी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेद घेण्याचा आणि पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर भेदनाचा सराव करावयास सांगितले आहे. शास्त्र वाचलेला, पण हाताने न केलेला वैद्य त्याला मान्य नाही. व्यवसाय सुरू करण्यापूर्वी राजाची अनुज्ञाही तो आवश्यक मानतो. ब्रिस्टलमध्ये नवी शस्त्रक्रिया बालकांवरच शिकली जात होती, ही चौकशीपुढे आलेली गोष्ट या संदर्भात आठवावी. कौटिल्याने तर प्राणास धोका असल्याचे न कळविता उपचार करणाऱ्या वैद्यास रुग्ण दगावल्यास दंड सांगितला आहे आणि उपचारातील चुकीने मृत्यू झाल्यास त्याहून मोठा दंड. योग्य रीतीने वापरलेले विषही उत्तम औषध ठरते आणि गैररीतीने वापरलेले औषधच विष होते, हे चरकाचे सूत्र मेथोट्रेक्सेटच्या गोळीला अक्षरशः लागू पडते.

वैद्याला नारायणाचे रूप मानणारा हा समाज आहे. परंतु त्याच समाजाने वैद्याकडून अभ्यास, अनुज्ञा आणि उत्तरदायित्व यांची अपेक्षा केली होती. श्रद्धा राहिली आणि अपेक्षा विसरली गेली, हा परंपरेचा दोष नाही; तो आपल्या विस्मरणाचा दोष आहे. आयुर्वेदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांत चोरून स्टेरॉइड मिसळणारा भामटा आयुर्वेदाचा जितका अपमान करतो, तितका त्याचा कोणताही टीकाकार करू शकत नाही. म्हणूनच आयुर्वेदादी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची जी योजना २०१८ पासून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या समन्वयाने सुरू झाली, तिचे वैद्यांनी मनापासून स्वागत करावयास हवे. निखाऱ्यातून जाण्याची भीती खोट्याला असते, सोन्याला नव्हे.

आता काय करावे?

पहिली गोष्ट, निकाल मोजावे आणि ते लोकांसमोर ठेवावेत. बालकांवर हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक केंद्राने, मग ते सरकारी असो वा धर्मादाय वा पंचतारांकित, वर्षाला किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती बालके वाचली हे जाहीर करावे. अवघड रुग्ण स्वीकारणाऱ्या केंद्रावर अन्याय होऊ नये, यासाठी रोगाच्या तीव्रतेनुसार तुलना करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत.

दुसरी गोष्ट, चूक सांगणाऱ्याला संरक्षण हवे. रुग्ण दगावला की रुग्णालयाची तोडफोड करणारा जमाव सुरक्षितता वाढवीत नाही. तो चुका लपविण्यास भाग पाडतो. महाराष्ट्रात अशा हिंसाचाराविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, त्याची कठोर अंमलबजावणी व्हावी. त्याचबरोबर डॉक्टरांच्या संघटनांनीही व्यवसायबंधू म्हणून एकमेकांस झाकण्याची वृत्ती सोडावी. या दोन टोकांच्या मधोमध प्रामाणिक कबुलीला जागा निर्माण झाली, तरच पुढचा रुग्ण वाचेल. केंद्र शासनाने २०१८ मध्ये रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद समाविष्ट केली. ही सनद दर्शनी भिंतीवर टांगली आहे की नाही, एवढे तरी प्रत्येक सुजाण नागरिकाने पाहावे.

तिसरी गोष्ट रुग्णाच्या हातातील आहे. औषध कशासाठी, किती दिवस, दिवसातून की आठवड्यातून, हे विचारून घेणे हा उद्धटपणा नव्हे. कोणत्याही औषधाने अपाय झाल्यास त्याची नोंद गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य नागरिकासही करता येते. ही यंत्रणा २०१० पासून देशात कार्यरत आहे. परंतु ती आहे, हेच बहुसंख्यांना ठाऊक नाही.

आणि येथेच सामाजिक संघटनांचे काम सुरू होते. वनवासी पाड्यांवर जाणारे आरोग्यरक्षक, सेवावस्त्यांतील दवाखाने चालविणारे कार्यकर्ते, आरोग्य भारती आणि नॅशनल मेडिकोज ऑर्गनायझेशनमधील डॉक्टर यांची घराघरापर्यंत पोहोच आहे. शासनाच्या परिपत्रकास ती कधीच लाभणार नाही. घरातील औषधांचा डबा उघडून पाहणे, मुदत संपलेली बाटली बाजूला काढणे, आठवड्याच्या गोळीसमोर मराठीत वार लिहून देणे, नायट्यावर लावलेल्या मलमाचे नाव वाचून सावध करणे, या कामाला निधी लागत नाही, नियमितपणा लागतो. दैनंदिन कामातील नियमितपणा हाच ज्या संघटनांच्या कार्यपद्धतीचा पाया आहे, त्यांना हे अवघड वाटू नये.

उत्तम शल्यविशारद, नवी औषधे आणि भव्य इमारती यांची देशाला गरज आहेच. परंतु ब्रिस्टलमध्ये हे सारे होते आणि तरीही बालके गेली. कारण भूलतज्ज्ञाच्या वहीतील आकडे पाहण्याची कोणाची तयारी नव्हती. गावोगावच्या प्रत्येक दवाखान्यात अशी एक वही असावी, ती प्रामाणिकपणे भरली जावी आणि ती उघडून दाखविणाऱ्यास शिक्षा न होता मान मिळावा. वैद्यावरील श्रद्धा टिकावयाची असेल, तर ती अशाच वहीच्या आधारावर टिकेल.